झाकणावरचे चौदा निखारे

२७ मार्च

नाना,
नमस्कार.

त्या रविवारी सकाळी मी तंबूंच्या तळावर काय काय केलं ते क्रमाने लिहून पाठवा, असं तुमच्या कार्डात आहे. ऑफिसात दाखवायचं म्हणता, म्हणून नीट आठवून लिहितो.

उजाडायच्या आधी तंबूबाहेर आलो. तळ्यावर जाऊन तोंड धुतलं, हात जोडले. मग चूल पेटवली. तिसऱ्या नंबरच्या जागेवरची, तुम्ही दगड लावून दिलेली. रात्री मळून ठेवलेलं पीठ फुगलं होतं, ते बिडाच्या पातेल्यात घालून पाव लावला. हिने शेजारी तव्यावर कांदा आणि अंडी केली. तुम्ही फेरी मारत आलात तेव्हा पाव झाला होता, झाकण काढलेलं होतं. तुम्ही म्हणालात, "बुवा, वास तळ्याच्या पलीकडे गेलाय. आता मासे स्वतःहून तव्यात येऊन बसतील." तिघांनी बसून खाल्लं. कडेचा करपलेला तुकडा तुम्ही नेहमीसारखा मागून घेतलात.

तुम्ही पुढच्या जागेकडे गेल्यावर मी चूल विझवली. तळ्यातून तीन बादल्या पाणी आणून ओतलं. राख काठीने ढवळली, चौथी बादली ओतली, तळहात ठेवून पाहिलं. गार होती. पातेलं पुसलं, आतून तेलाचा हात फिरवला, पोत्यात बांधलं. तंबू उतरवला. दहाच्या सुमारास तुमच्या खोलीशी येऊन वहीत सही केली आणि निघालो.

बुधवारी आग लागली ते तुमच्या कार्डावरूनच कळलं. अर्धा उतार गेला, होड्यांची शेड गेली, तुमचा दंड भाजला, आणि वर तुम्हालाच रखवालीवरून थांबवलं, खोली सोडायला लावली. वाचून जेवणावरची वासना गेली.

वर लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे.

तुमचा,
ओतारी


२ एप्रिल

ओतारीबुवा,
नमस्कार.

तुमचं पत्र साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, सगळे लोक असं लिहायला लागले तर चौकशा करायला माणसं ठेवायची गरज नाही. पत्र फायलीला लावलं आहे. म्हणजे तुम्ही आता सरकारदरबारी जमा झालात.

खरं तर तुमच्या पत्राची गरजच पडली नाही. आग कुठून उठली ते सापडलं. तुमच्या जागेच्या वर, वीस-पंचवीस पावलांवर, ते जुनं पोकळ खोड आहे ना, तिथून. तेव्हा तुमच्या चुलीचा प्रश्न मिटला. तरी मी साहेबांना ऐकवलंच, की हा माणूस वीस-बावीस वर्षं कारखान्यात वितळलेलं बीड साच्यात ओततो. विस्तवाशी त्याची तुमच्याआमच्यापेक्षा जुनी ओळख आहे.

आता अडचण माझी आहे. त्या खोडाला लागूनच माझा पाला जाळायचा खड्डा. दर शनिवारी पाला जाळायचा आणि दोन बादल्या पाणी ओतायचं. शनिवारी जाळला, बुधवारी आग. साहेब विचारतात, त्या शनिवारी पाणी ओतलंत का? बादली उचलल्याचं मला आठवतं, ओतल्याचं आठवत नाही. बुवा, बावीस वर्षं दर शनिवारी केलेली गोष्ट, त्यातला एकच शनिवार वेगळा काढून कसा आठवायचा? तुम्हाला मागच्या मंगळवारी दात घासल्याचं आठवतं का? पण साहेबांना असं उलटं विचारता येत नाही.

सध्या पोरीकडे आहे. तिचं शिवणकाम चालतं, माझी खाट तिच्या मशीनच्या शेजारी. दिवसभर आगगाडीत बसल्यासारखं वाटतं, फक्त गाव येत नाही. जावई चांगला आहे. फार बोलत नाही, हाच त्याचा चांगुलपणा.

वेळ जात नाही. तुमच्या पावाची रीत लिहून पाठवा. पोरीकडे बिडाचं एक पातेलं आहे, नुसतं पडून असतं. तुमच्यासारखा पाव करून दाखवीन म्हणतो.

तुमचा,
नाना


६ एप्रिल
(हे पत्र पाठवलं नाही.)

नाना,

शब्द न् शब्द खरा लिहिला आणि सगळं पत्र खोटं झालं. असं करता येतं हे मला माहीत नव्हतं.

चूल विझवली ते खरं. पण पावाला विस्तव दोन जागी लागतो, खाली आणि झाकणावर. खाली सात, वर चौदा कोळशाच्या वड्या, हे तुम्ही माझ्याकडून दर वर्षी ऐकलं आहे. त्या वड्या मी स्वतः करतो. कारखान्यातला कोळशाचा चुरा चिकणमातीत कालवून लहान साच्यात दाबतो. त्या वरून राख धरतात आणि पोटात धग ठेवतात. विझल्या असं वाटतं, पण विझलेल्या नसतात. म्हणूनच पावाला त्या बऱ्या.

झाकण काढलं की वरच्या चौदा वड्या कुठेतरी टाकाव्या लागतात. त्यांच्यावर झाकणासकट पाणी ओतून चालत नाही. तापल्या बिडावर गार पाणी पडलं की कडकन तडा जातो, आणि बिडाचा तडा सांधता येत नाही. माझं पहिलं पातेलं असंच गेलं. ते मी स्वतः ओतलेलं होतं. त्याचा आवाज अजून कानात आहे. म्हणून मी झाकण आकड्याने उचलून तळ्याच्या काठावर नेतो आणि वड्या ओल्या वाळूत उपड्या करतो.

त्या सकाळी तसाच निघालो. पण काठावर दोन नंबरच्या जागेवरच्या बायका केस धूत बसल्या होत्या. मला पाहून एकीने पदर सावरला. मी तसाच मागे वळलो. हातात तापलेलं झाकण, आकडा जड. मान खाली घालून चढावर गेलो, नजर लोकांकडे जाणार नाही अशा बाजूला. तिथे ते खोड होतं. त्याच्या मुळाशी नुसती माती दिसली. वड्या तिथे उपड्या केल्या. मनात म्हटलं, झाकण ठेवतो आणि बादली घेऊन येतो.

परत आलो तर तुम्ही चुलीशी उभे. माशांचा विनोद केलात, आम्ही हसलो, खायला बसलो. नंतर चार बादल्या पाणी आणलं आणि चारही चुलीत ओतल्या. खोडाची आठवण झाली ती तुमचं कार्ड वाचताना. तीही पहिल्या ओळीलाच.

मग मी ते का लिहिलं नाही? लिहायला बसलो तेव्हा लिहिणारच होतो. 'झाकण काढलेलं होतं' इथपर्यंत आलो आणि पेन पुढच्या वाक्यावर गेलं. कारखान्यात दोघांची भांडणं झाली की मला मधे उभं करतात, बुवा सांगतील ते खरं म्हणून. देवापुढे बसतो तेव्हा बरं वाटतं ते त्यामुळेच की काय, असं आता वाटायला लागलं आहे.

उद्या हे टाकीन.


१० एप्रिल

नाना,
नमस्कार.

पत्र मिळालं. उशीर झाला, माफ करा. कारखान्यात काम जास्त आहे.

पावाची रीत. पीठ रात्री मळायचं, सैलसर, हाताला थोडं चिकटलं तरी चालेल. ओल्या फडक्याखाली ठेवायचं. सकाळी पातेलं रिकामंच तापवायचं, पाण्याचा थेंब टाकला की नाचत पळाला पाहिजे. तळाला तेल, त्यावर पिठाचा गोळा, वरून सुरीने एक चीर. झाकण लावायचं. मग खालून मंद आंच, आणि वर

वर काही नको. घरात शेगडीवर नुसती खालची आंच पुरते. अर्ध्या वेळाने पाव उलटा करा. रंग कमी येईल. बीड गरम असताना धुऊ नका. ते आपोआप गार होऊ द्या.

शनिवारचं म्हणाल तर तुम्ही पाणी ओतलंच असेल. इतक्या वर्षांचा हात चुकणार नाही. वाराही त्या आठवड्यात फार होता. कशामुळे काय होतं, माणसाला कळत नाही. साहेबांना समजावून सांगा.

आमची ही विचारते, तुमच्या दंडाची जखम भरली का.

तुमचा,
ओतारी


२३ एप्रिल

बुवा,
नमस्कार.

पाव झाला. खालून काळा, वरून पांढरा, मधे कच्चा. जावयाने एक घास खाल्ला आणि म्हणाला, चांगला आहे. मी म्हटलं ना, चांगला माणूस आहे. पण तुमच्या हातची काहीतरी गोष्ट लिहायची राहिली. सुगरणी असंच करतात म्हणे, एक जिन्नस गाळून सांगतात.

आता मला शेगडी पेटवायची परवानगी नाही. पाव करपला त्या दिवसापासून पोरीने काडेपेटी वरच्या फळीवर ठेवली आहे. एकदा तिने डॉक्टरकडे नेलं. त्यांनी शंभरातून सात, परत सात, असं उलटं मोजायला सांगितलं. मी म्हटलं, डॉक्टर, हे मला पंचविशीतही आलं नसतं. ते हसले नाहीत. काहीतरी लिहून घेतलं.

एक बातमी. मी कबूल करायचं ठरवलं आहे. साहेब म्हणतात, 'माझ्या विसरण्यामुळे आग लागली' एवढं लिहून सही केली की चौकशी मिटते, मला घरी बसवतील, पुढे त्रास नाही. सोमवार, १२ मे, अकरा वाजता. विसरलोच असेन. रोज रात्री तो शनिवार पुन्हा पाहतो. आधी बादली हातात दिसायची. हल्ली बादलीही दिसत नाही, नुसता धूर दिसतो. आता तुम्ही विचारलंत तरी मी सांगीन, नाही ओतलं.

बरं झालं एका अर्थी. कळत नव्हतं तोवर फार तळमळ होती.

कारखान्यातलं काम आटोपलं का?

तुमचा,
नाना


२६ एप्रिल

काकांना नमस्कार.

मी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, पण आमच्या घरात 'बुवा असं म्हणतात' हे रोज चार वेळा ऐकते, म्हणून लिहिण्याचं धाडस करते. नानांना सांगू नका.

ते तुम्हाला गमतीची पत्रं लिहितात. ती टाकायला मीच जाते. खरं असं आहे की ते दिवसातून दहा-बारा वेळा शेगडीपाशी जातात आणि बर्नरवर तळहात ठेवतात. गार आहे का बघतो, म्हणतात. परवा मी नुकतंच दूध उतरवलं होतं. तळहाताला फोड आले, पण बोलले नाहीत. जेवताना चमचा डाव्या हातात दिसला तेव्हा मला कळलं. घराबाहेर पडले की दोनदा परत येऊन कडी ओढून बघतात. मी मशीनवर असते, 'इस्त्री बंद केलीस का' असं विचारतात, मी हो म्हणते, पाच मिनिटांनी उठून स्वतः बघतात. माझ्या लहानपणी हाच माणूस अंधारात मला पाठीवर घेऊन त्या उताराची फेरी मारायचा आणि कुठल्या जागेवर कोण उतरलंय ते तोंडपाठ सांगायचा. एका महिन्यात माणूस इतका बदलतो का?

डॉक्टर म्हणाले, वय झालं की सुरू होतं. आमच्या ह्यांचं म्हणणं, सही केली की विषय संपेल आणि ते शांत होतील. मलाही तेच वाटतं. पण रोज सकाळी म्हणतात, 'बुवाला विचारतो, सही करू का.' आणि लिहिताना विचारत नाहीत. तुमचं ते ऐकतात. तेव्हा तुम्ही दोन ओळी लिहा की सही करा, काही बिघडत नाही. एवढे उपकार करा.

तुमची,
नानांची मुलगी


३० एप्रिल

नाना,
नमस्कार.

सही करू नका. आग माझ्यामुळे लागली.

झाकणावरच्या वड्या मी त्या खोडाच्या मुळाशी टाकल्या. नेहमी तळ्याच्या काठावर टाकतो. त्या दिवशी काठावर बायका केस धूत होत्या, म्हणून लाजून उलट्या बाजूला गेलो. पाणी आणून ओतायचं ठरवलं आणि विसरलो. विसरलो तो मी. तुम्ही नाही.

हे मला तुमच्या पहिल्या कार्डापासून ठाऊक आहे. पहिल्या पत्रात लिहिलं नाही. दुसऱ्यातही लिहिलं नाही. पावाची रीत लिहिताना 'वर निखारे' एवढं लिहायलाही हात धजला नाही. तुम्ही म्हणालात तो गाळलेला जिन्नस तोच. तुमचा पाव त्यामुळेच कच्चा राहिला.

मला वाटलं होतं, चौकशी आपोआप विझेल. तुम्ही विनोद करत होतात, मी म्हटलं, नानांना फारसं लागलेलं नाही. माझ्या सोयीचं होतं ते मी वाचत गेलो.

तुमचं डोकं शाबूत आहे. ते बिघडवायला मी निघालो होतो. हे पत्र साहेबांना दाखवा.

तुमचा,
ओतारी


५ मे

बुवा,

तुमचं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग पोरीला विचारलं, तू बुवांना काही लिहिलंस का? ती नाही म्हणाली आणि सुई चुकली. माझ्या डबीतलं एक तिकीटही कमी आहे. म्हणजे तिचं पत्र गेलं आणि चार दिवसांत तुम्ही गुन्हेगार झालात. मी खुळा झालो असेन, पण एवढं कळतं.

तुम्ही देवाचं माणूस आहात, म्हणून दुसऱ्याचं पाप अंगावर घ्यायला निघालात. घेऊ नका. पहिल्या पत्रात सगळं क्रमाने लिहिलंत, चूळ भरल्यापासून वहीत सही केल्यापर्यंत. राख ढवळलेली काठीसुद्धा सोडली नाहीत. त्यात चौदा निखारे असते तर लिहायचे राहिले असते का? खाली लिहिलंय, शब्द न् शब्द खरा. ते पत्र फायलीत आहे. ते खरं की हे खरं?

आणि खोटं बोलायचं तर जरा बेताचं बोलावं. बायका केस धूत होत्या म्हणून तापलेलं झाकण घेऊन डोंगर चढलो. असं कारण ऑफिसात वाचलं तर शिपाईसुद्धा हसेल. तुम्हाला खोटं बोलायची सवय नाही, ते दिसतं.

मी तुमचं पत्र दाखवणार नाही. फाडलं आहे. सोमवारी सही करतो. आता यावर लिहू नका. मला पुन्हा पुन्हा उलटंसुलटं करायला लावू नका, बुवा, डोकं शिणतं. एकदा ठरलं ते ठरलं, तेवढ्याचाच आधार आहे.

नाना


९ मे, शुक्रवार

नाना,
नमस्कार.

लिहू नका म्हणालात, तरी लिहितो आहे. हे टपालात टाकत नाही. सोमवारच्या आत तुमच्या हाती पडलं पाहिजे, म्हणून तुमच्या ऑफिसच्या शिपायाकडे देतो. तो तुमच्या मुलीच्या घरावरूनच जातो म्हणाला. मी ऑफिसच्या बाहेरच्या बाकावर बसलो आहे.

तुम्ही विश्वास ठेवला नाहीत याचा राग नाही. तुमचं पत्र बुधवारी आलं. संध्याकाळी मी हिला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग महिना-दीड महिना देवापुढे तासतासभर काय सांगत होतात? तेच तेच ऐकून कंटाळला असेल तो." थोड्या वेळाने म्हणाली, "त्या बायका केस धूत होत्या, हे मला आठवतंय. त्यातल्या एकीने माझ्याकडून साबण मागून नेला होता." मी म्हटलं, हे लिहून देशील का? तिने लिहून दिलं. पण ती माझी बायको. तेवढ्यावर कोण विश्वास ठेवणार? तुम्हीच ठेवला नाहीत, साहेब कशाला ठेवतील. रात्रभर कूस बदलत होतो. पहाटे लक्षात आलं की मी आतापर्यंत सगळं शब्दांनीच करायला बघत होतो.

काल मुकादमांना खरं सांगून रजा घेतली. आज सकाळी ऑफिस उघडायच्या आधी येऊन उभा राहिलो. साहेब म्हणाले, "एका आगीला किती जण मिळणार? एक सोमवारी सही करायला येतोय, दुसरा शुक्रवारीच दारात." मी म्हटलं, माझं ऐकू नका. फावडं आणि दोन माणसं द्या, आणि माझ्याबरोबर वर चला.

ते आले. कटकट करत आले, पण आले.

उतार पाहिला. तुम्ही कार्डात अर्धा उतार म्हणाला होतात, मी मनात लहानच धरला होता. काळी खुंटं तळ्यापर्यंत उभी आहेत. शेडच्या जागी होड्यांचे नुसते खिळे पडले आहेत.

खोडाच्या मुळाशी आता कोपरभर खोल भोक आहे. मुळं आतल्या आत जळत गेली. आम्ही हाताने राख उपसली. नऊ वड्या मिळाल्या. कोळसा जळून गेला तरी त्यातली माती भाजून तशीच राहते, विटेच्या रंगाची. प्रत्येकीवर दोन आडव्या रेघा, माझ्या साच्याच्या. साचा मी बरोबर नेला होता. साहेबांनी एक एक वडी स्वतः त्यात बसवून पाहिली. नववी बसवल्यावर त्यांनी चष्मा काढला. मग ते माझ्याशी 'अहो-जाहो' सोडून बोलायला लागले. ते बरोबरच होतं.

खाली यायला निघाले, तर मी म्हटलं, अजून एक जागा बघायची आहे. तुमचा पाल्याचा खड्डा.

नाना, हे नीट वाचा. मुलीला मोठ्याने वाचायला सांगा. कोरडी राख भुशीसारखी मोकळी राहते. पाणी पडलेली राख वाळली की तिची पापडी धरते, खरपूस आणि कडक. आमच्या वाळूच्या साच्यांचं असंच असतं, म्हणून हे मला कळतं. तुमच्या खड्ड्यावर वरून बुधवारच्या आगीची काळी मोकळी राख आहे. ती मी फुंकरीने उडवली. तिच्याखाली पापडी आहे. खड्डाभर, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि वीतभर जाड. फावड्याने फोडावी लागली.

साहेब म्हणाले, "आग विझवताना पाणी पडलं असेल." बरोबरचा एक कामगार म्हणाला, "साहेब, पाण्याचा बंब खालच्या वळणावरच अडकला होता. इथे आम्ही फांद्यांनी झोडपली." तेव्हापासून पाऊसही नाही. म्हणजे पाणी आगीच्या आधी पडलं, आणि एका बादलीने एवढं भिजत नाही. साहेबांनी पापडीचा तुकडा उचलून पाहिला, कागदात बांधला. बरोबरचा माणूस म्हणाला, "नाना कधी विसरतील होय?"

त्या शनिवारी तुम्ही दोन्ही बादल्या ओतल्या होत्या. तुम्हाला आठवत नसेल तरी खड्ड्याला आठवतं. सोमवारी अकरा वाजता ऑफिसात तुमची गरज नाही. कबुलीचा कागद साहेबांनी माझ्यासमोर आडवी रेघ मारून रद्द केला. तुम्हाला परत घेण्याचं त्यांना वर विचारावं लागेल, पण तसं लिहिणार आहेत. खोलीचं कुलूप अजून तुमचंच आहे.

माझं काय होईल ते त्यांना सांगता येत नाही. कागद वर जातील, मला बोलावतील. तळावर यायला मला आता बंदी आहे, ती त्यांनी तिथेच, उतारावर उभं राहून सांगितली. मी हो म्हटलं.

तुमच्याकडे येऊन तोंड दाखवावं असं होतं. पण त्यात माझंच समाधान जास्त. तुम्ही बोलवाल तेव्हा येईन. नाही बोलावलंत तरी चुकलं असं मी कोणाला म्हणणार नाही. तुमचा तळहात बरा होऊ द्या. तो कसा भाजला ते मला माहीत आहे. मुलीवर रागावू नका.

जबाब चार पानांचा झाला. सगळं क्रमाने लिहिलं, या वेळी झाकणासकट. पहिलं पत्र फायलीतून काढून त्यांनी जबाबाला जोडलं, म्हणजे दोन्ही एकत्र दिसतील. शेवटच्या पानावर एक रकाना होता, 'माहिती देण्यास उशीर होण्याचे कारण'. मी लिहिलं, 'कामाच्या गडबडीमुळे'. लिहून पेन खाली ठेवलं. साहेब शाईचा पॅड शोधत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. मी ते खोडलं आणि वर लिहिलं, 'भ्यालो'. त्याखाली सही केली.

ओतारी